अकरावा दिवा

दारं-पट्टे आपोआप चालवणाऱ्या नव्या कंट्रोलरवर धान्याचं कोठार पहिल्यांदा चालवायचं, म्हणून त्या दिवशी मला न्याहारीही धड गेली नाही. कॅनडात, मॅनिटोबातल्या आमच्या गावच्या कोठारात मी एकवीस वर्षं आहे. पण पावाच्या लादीएवढं हे यंत्र हिवाळाभर पुस्तक घेऊन एकट्याने शिकलो होतो.

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. बाहेर बर्फाची भुरभुर, आत गव्हाच्या धुळीचा घसा धरणारा वास.

"हे बघ लेन," मी माझ्या म्हाताऱ्या सहकाऱ्याला दाखवलं. "चावी इकडे, म्हणजे प्रोग्रॅम थांबलेला. तिकडे, म्हणजे चालू. हे सोळा दिवे सोळा तारांचे. तारेतून वीज आली तरच दिवा लागतो. याला थापा मारता येत नाहीत."

"मग तुझ्यापेक्षा बरं आहे," लेन म्हणाला.

कोठारातल्या कुठल्याही उंच कोठीत उतरणाऱ्याने आपलं कुलूप फळ्यावर अडकवायचं आणि कुलूप दिसलं की यंत्र सुरू करायचं नाही, हा आमचा नियम. फळा रिकामा होता. आमचा तिसरा गडी कॉर्नी जेवायला गेला असणार. मी चावी फिरवली. हिरवा दिवा लागला. आता एक बटण दाबलं की तीन नंबरच्या कोठीचं खालचं दार उघडणार, गहू पट्ट्यावर धो धो पडणार.

तेवढ्यात अकरावा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. असं तीनदा.

"अकराला काय जोडलंयस?"

"काहीच नाही. तिथे तारच नाही..." मी वाकून पाहिलं. जागा रिकामी होती.

लेनचा आवाज खाली गेला. "जुन्या यंत्रावर अकरा म्हणजे तीन नंबरच्या कोठीतली दोरी. तीन हिसके म्हणजे आत माणूस आहे. इथला जुना गडी एब डिक त्याच कोठीत गव्हाखाली गाडला जाऊन मेला ना... त्यानंतर ती दोरी मीच काढून टाकली."

प्रोग्रॅममध्ये अकराचं नावही नव्हतं. बटण दाबलं असतं तर यंत्र निमूट सुरू झालं असतं.

दिवा पुन्हा तीनदा लागला.

मी चावी उलटी फिरवली, काढून खिशात टाकली आणि आम्ही जिन्याने धावत वर गेलो.

तीन नंबरच्या कोठीत कॉर्नी हातांसकट छातीपर्यंत गव्हात रुतला होता. भिंतीला चिकटलेला गहू पाडायला पाच मिनिटांसाठी म्हणून उतरला, कुलूप लावायचा कंटाळा केला. अग्निशमनवाल्यांना त्याला बाहेर काढायला सव्वा तास लागला.

नंतर ऑफिसात त्याच्या हातात कॉफी देत लेनने विचारलं, "दोरी कुठे सापडली रे तुला?"

"कसली दोरी? माझे तर दोन्ही हात त्या माणसाने धरून ठेवले होते."

आम्ही पोचलो तेव्हा कोठीत दुसरं कोणीच नव्हतं.

"वरून धरले होते..." लेन थांबला, "की खालून?"

कॉर्नीने दोन्ही पाय जमिनीवरून उचलले आणि खुर्चीवर पोटाशी घेतले.