आधी हात धू

मी भूमिती शिकवते. माझ्या छातीच्या दोन बाजू मात्र कधीच जुळल्या नव्हत्या. चाळिशीत शस्त्रक्रिया करून घेतली. सोबतीला आलेली आई म्हणाली, "या वयात कोण बघणारंय?"

"मी," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: जखमेला पाणी लागू द्यायचं नाही, गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत आणि साबणाने हात धुतल्याशिवाय पट्टीला बोटही लावायचं नाही.

एकदा दुपारी झोपून उठले तर पट्टीची कड सुटलेली. कापसावर ओल्या मातीचा डाग. मी आईवर उखडले.

"अगं, मी बाहेर गेले होते. दाराला कुलूप होतं."

डॉक्टरीणबाईंनी लगेच बोलावलं, जखम तपासली आणि नवी पट्टी बांधली. "टाके ठीक आहेत. पण नशीब दरवेळी साथ देणार नाही."

दुसऱ्या दुपारी आई उशाशी खुर्ची टाकून बसली. मी डोळे मिटून जागी होते. पलंगाची डावी कड खचली. आई उजवीकडे होती. चिखलाचा वास आला. गार बोट पट्टीची कड चाचपू लागलं.

आईने माझा उजवा हात घट्ट धरला.

भीतीपेक्षा मला रागच आला. इतकं सोसून मिळवलेलं शरीर, आणि हे कोण लागून गेलंय?

"आधी हात धू," मी म्हटलं.

बोट थांबलं.

"डॉक्टरसुद्धा हात धुतल्याशिवाय शिवत नाहीत. ऊठ!"

पलंग हलका झाला. बाजूच्या न्हाणीघरातला नळ सुरू झाला.

"पाणी कुणी सोडलं?" आई कुजबुजली.

मी छाती सांभाळत उठले आणि न्हाणीघराला बाहेरून कडी घातली. आई म्हणाली, "हे घरच सोडू या."

"मी का सोडू? घर माझं आहे."

त्या दिवसापासून आम्ही मागचं न्हाणीघर वापरू लागलो. बंद दाराआड हात चोळल्याचा आवाज चालूच राहिला. आई तिथून जाताना दरडावायची, "नखांतलंही काढ!"

जखम भरली. पट्टी कायमची निघाली, त्या संध्याकाळी मी आरशासमोर उभी राहिले. आई मागून म्हणाली, "छान दिसतंय गं."

तेवढ्यात नळ बंद झाला.

मग आतून दारावर टकटक झाली. अगदी हळू, अदबीने. पाण्यात राहून राहून बोटांची कातडी सुटावी, तशी मऊ.