वीस फुटांचा पाइप

काम साधं होतं. वीस फुटांच्या पाइपातून एक वायर ओढायची. दोन माणसं असली की पाच मिनिटांत होतं. एकानं इकडून सोडायची, दुसऱ्यानं तिकडून ओढायची.

"आणि तो दुसरा माणूस म्हणजे मी," काका म्हणाले. काका वायरमन. जेवणं झाली होती, वीज गेली होती, आणि दोघी पुतण्या अंधारात त्यांच्याजवळ पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या. "मला चार वाजता बोलावलं होतं."

"आणि तुम्ही गेलात किती वाजता?" थोरलीनं विचारलं.

"ऐक तर खरं."

घर एका नर्सचं. तिला सगळे घाईताई म्हणत, कारण तिला 'बघू' हा शब्द सहन व्हायचा नाही. शेताच्या कडेला दोन खोल्या बांधायला घेतल्या आणि रोज तेच ऐकायला मिळालं. मिस्त्री म्हणे बघू. सुतार म्हणे बघू. मोठा भाऊ रोज येऊन सल्ला देई आणि एका विटेला हात न लावता परत जाई. वडिलांनी तर चारचौघांत सांगून ठेवलं होतं, "एकटीला घर कशाला हवं? महिनाअखेर वीज आली नाही तर मी तिथे कोंबड्या पाळणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वीज कंपनीचा साहेब तपासणीला येणार होता. तो 'पास' म्हणाला तरच मीटर. नाहीतर पुढची खेप दोन महिन्यांनी. सगळी वायरिंग झाली होती. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जाणारा एक पाइप तेवढा राहिला होता.

तारीख गेल्या वर्षीची अठरा नोव्हेंबर, मंगळवार. रात्रीचे पावणेअकरा.

तोवर तिनं काकांना अकरा फोन केले होते. आधी "निघालोच", मग "आलोच", मग नुसती रिंग. शेवटी वैतागून ती स्वतःच कामाला बसली. बॅटरी तोंडात धरली, लवचीक स्प्रिंगला लाल वायर बांधली, स्प्रिंग पाइपात सारली आणि पळत मागच्या खोलीत जाऊन ओढली. अडकली. पुढे येऊन सैल केली, मागे जाऊन ओढली. पुन्हा अडकली. पुढे, मागे, पुढे, मागे. बोटं सोलून निघाली. चौदाव्या खेपेला पुढच्या खोलीत येऊन तिनं बंडलाला लाथ मारली.

"सल्ला द्यायला मेले सगळे पुढे! अरे, कुणीतरी ओढा ना ती वायर!"

वायर हलली.

सरसर आत गेली. थांबली. पुन्हा गेली. सरावाचा हात होता.

"आलात एकदाचे!" काका मागच्या दारानं आले असणार. तिनं वायर उचलली आणि सोडू लागली. "चारचे अकरा झाले, काका! तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून मागच्या दारानं होय?"

वायर सरसर जात राहिली.

"नका बोलू. थापा ऐकायला वेळ नाहीये मला. नुसतं ओढा."

ती सोडत राहिली आणि बडबडत राहिली. भावाला झालं, वडिलांना झालं, मिस्त्रीच्या सात पिढ्यांना झालं. बंडल नव्वद मीटरचं. निम्मं संपलं तरी रागाच्या भरात तिच्या लक्षात आलं नाही.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. पुढच्या दारातून काका आत आले. हातात हेल्मेट.

"चिडू नका ताई, दुसऱ्या साइटवर जरा…"

ते थांबले. तिच्या हातातून सरकणाऱ्या वायरकडे त्यांनी पाहिलं.

"आत कोण आहे?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही…"

वायर जात होती.

काकांनी ती घट्ट धरली. थांबली. पलीकडे कुणीतरी वाट बघत होतं… मग दोन झटके आले. हलके.

"आमच्या धंद्यात दोन झटके म्हणजे, सैल सोड," काका अंधारात म्हणाले.

"मग तुम्ही…?" धाकटी थोरलीला चिकटली.

"सोडली. हाताला सवय ना."

बंडल फिरत राहिलं. वीस फुटांचा पाइप. नव्वद मीटर वायर. शेवटचं टोक भिंतीत शिरलं.

मग काहीच नाही…

मागची खोली रिकामी. मागच्या दाराला आतून कडी. पाइप जिथे निघतो ती भिंतीतली बोर्डाची पत्र्याची पेटी रिकामी. वायर नाही, स्प्रिंग नाही. काकांनी पुढून पाइपात फुंकर मारली. मागे तिच्या तळहाताला वारा लागला.

दोघांनी रात्र बाहेर, विटांच्या ढिगावर काढली.

दहाला साहेब आला. "या खोलीत वायरच नाही. नापास. दोन महिन्यांनी बघू."

"बघू?" ती उसळली. "साहेब, सगळ्यांची बोलणी खाऊन मी इथवर आले. काल रात्री आम्ही…" पुढे काय सांगणार?

साहेबाचं लक्षच नव्हतं. त्यानं सवयीनं रिकाम्या पेटीच्या पत्र्याला टेस्टर टेकवला.

टेस्टरचा दिवा लागला.

"लाइन कुठून चोरलीत?" तो ओरडला. जवळचा खांब दोन शेतं पलीकडे. त्यानं घराभोवती चार फेऱ्या मारल्या. गच्चीवर चढला. भिंतीला कान लावला. परत येऊन टेस्टर टेकवला. लागला. मग त्यानं कागदावर 'पास' लिहिलं आणि मागे वळून न बघता गेला.

"म्हणजे मिळाली तिला वीज," थोरली म्हणाली. "तुमचा मात्र काडीचा उपयोग झाला नाही."

"मिळाली. रीतसर मीटर. तिथेच राहते ती. त्या पाइपातून दुसरी वायर आम्ही दोघांनी मिळून ओढली. भर दुपारी."

"मग झालं की."

काका अंधारात वायरचा एक तुकडा बोटाला गुंडाळत राहिले.

"परवा गेलो होतो. मेन स्विच बंद केला. पेटीतली वायर सोडवून बाजूला केली…"

"आणि?"

"टेस्टर टेकवला."

"लागला?"

"लागला…" काका म्हणाले. "गेल्या वर्षीपेक्षा लख्ख."