लोखंडात तांबं कुठून आलं?

पत्रा शुद्ध लोखंडाचा होता. तरी यंत्र त्यात तांबं दाखवत होतं, तेही तिसऱ्यांदा.

प्रयोगशाळेत पडद्यासमोर बसलेल्या वामनआजोबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "संध्याकाळी हे यंत्र दुसऱ्या गटाकडे जाणार, शर्वाणी. मग वर्षभर आपली पाळी नाही. आणि तिकडे नव्या अणुभट्टीची भिंत किती जाड हवी, हे आपल्या आकड्यावर अडलंय."

"पण यंत्राला धातू कळतो कसा?" नातीने विचारलं.

"वाटीवर चमचा आपट. स्टीलची वाटी वेगळी वाजते, तांब्याची वेगळी. आपण अणूवर न्यूट्रॉन (विद्युतभार नसलेला सूक्ष्म कण) आपटतो. तो थोडी ऊर्जा अणूच्या केंद्रकाला देतो आणि पुढे सटकतो. केंद्रक ती ऊर्जा गॅमा किरण (डोळ्यांना न दिसणारा, फार ऊर्जेचा प्रकाश) म्हणून बाहेर टाकतं. प्रत्येक धातूच्या गॅमा किरणांची ऊर्जा ठरलेली. हेच किरण भट्टीची भिंत तापवतात. म्हणून लोखंडातून ते किती निघतात, ते मोजायचं."

"मग पत्रा काढून तो बसवलेली नुसती चौकट मोजा ना!"

आजोबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हे मला सुचायला हवं होतं. डोकंच चालत नाही गं आता."

रिकामी चौकट मोजली. लोखंडाच्या खुणा जवळजवळ नाहीशा झाल्या, तांब्याच्या तशाच राहिल्या. म्हणजे तांबं चौकटीवरच होतं.

"गणोबा," आजोबांनी मदतनीस रोबोला विचारलं, "चौकटीला हात कोणी लावला?"

"मीच, खंडेनवमीला. एकही उपकरण पूजेवाचून ठेवू नकोस, असं तुम्हीच म्हणालात. झेंडूची माळ बांधायला दोरा नव्हता. तांब्याची तार घेतली."

"अरे, मग माळ काढताना?"

"फुलं काढ म्हणालात. तारेचं बोलला नाहीत."

शर्वाणी खो खो हसली. आजोबांनी कपाळावर हात मारला.

न्यूट्रॉनांचा झोत बंद केल्यावर गणोबाने आत जाऊन चौकटीमागची तार सोडवली. पत्रा लावून पुन्हा मोजलं. पडद्यावरच्या आलेखात लोखंडाच्या गॅमा किरणांची शिखरं उंच उभी राहिली; तांब्याचं एकही उमटलं नाही.

आजोबांनी आकडा पाठवला. दिवस मावळायला आला होता.

"झाली का आता भट्टी?"

"कुठली! हे एकट्या लोखंडाचं झालं. शिसं, झिर्कोनियम, कितीतरी धातू बाकी आहेत. माझ्याच्याने काही सगळे व्हायचे नाहीत."

शर्वाणीने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "कुठलं शिखर कुणाचं, ते दाखवा."

आजोबा घरी निघायला उठले होते. ते परत बसले.