चोवीस नंबरचा खण

उत्कर्षाने लिहिलेला पहिला प्रोग्राम मशीनवर चढला आणि चौथ्याच मिनिटाला कुणीतरी तो बंद पाडला.

ती मशीनच्या काचेला जवळजवळ नाक लावून उभी होती. आत ॲल्युमिनियमचा ठोकळा कापला जात होता, टूल थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या पांढऱ्या धारा काचेवर आपटून ओघळत होत्या, आणि आपण सांगितलं तसं हे एवढं मोठं धूड हलतंय म्हणून ती अगदी हरखून गेली होती. तेवढ्यात मागून एक हात तिच्या खांद्यावरून पुढे आला आणि लाल बटणावर आदळला. सगळं जागच्या जागी थांबलं.

"अहो! कोणी सांगितलं थांबवायला?"

"कुणी न्हाई," हातवाला म्हणाला. "पर अजून दोन मिनिटं चाललं असतं, तर तुमीच वरडला असता."

उंच, सावळा, कपाळावर भंडाऱ्याचं पुसट बोट, कानामागे पेन्सिल. त्याने दार सरकवून आत दाखवलं. कापणाऱ्या टूलला धरून ठेवणारा जाड होल्डर त्या ठोकळ्याच्या, म्हणजे जॉबच्या, भिंतीपासून नखभर अंतरावर थांबला होता. आणखी थोडा खाली उतरला असता तर जॉब, टूल आणि ते फिरवणारा स्पिंडल, तिघांचंही कल्याण झालं असतं.

"कॉम्प्युटरवर तर सगळं हिरवं दिसत होतं..." उत्कर्षा पुटपुटली.

"कॉम्प्युटराला काय म्हाईत? तुमच्या तितं हे टूल होल्डरच्या भाईर पंचेचाळीस मिलिमीटर हाय. हितं मी अठ्ठावीसच ठिवलंय. आखूड धरलं की थरथरत न्हाई."

"मग हे मला कोण सांगणार?"

"तुमी इचारलं कुटं?"

हे खरं होतं, म्हणून ती जास्तच रागावली.

त्याचं नाव बिरप्पा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात तो सात वर्षं सेटर होता. टूलं मोजायची, बसवायची आणि मशीनचे रुसवेफुगवे काढायचे, हे त्याचं काम. उत्कर्षा शुक्रवार पेठेतली, निवृत्त हेडक्लार्क चिंतामणी यांची एकुलती लेक. ती आली होती तीन महिन्यांच्या बोलीवर, एकाच कामासाठी: सॉफ्टवेअरमध्ये टूल लायब्ररी उभी करायची. या लायब्ररीत पुस्तकं नसतात. मशीनच्या पोटात चोवीस खणांचं एक चाक फिरत असतं आणि प्रत्येक खणात एक टूल असतं. त्याचा व्यास किती, धार किती लांब, होल्डरच्या बाहेर किती, वेग किती, हे सगळं सॉफ्टवेअरला खरंखरं सांगून ठेवलं, की कुठे काय आदळेल ते कॉम्प्युटर आधीच सांगतो. उत्कर्षाने हे आकडे कॅटलॉगमधून उतरवले होते. कॅटलॉगमधलं टूल कुणी कधी होल्डरमध्ये बसवलेलं नसतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

मालक गुरुशांतअण्णांनी दोघांना केबिनमध्ये समोरासमोर उभं केलं.

"बिरप्पा रजेवर गेला की माझं मशीन उपाशी बसतंय. सगळं ह्याच्या डोक्यात. आता बिरप्पा, तू सांगायचं. मॅडम, तुम्ही लिहायचं. चोवीसच्या चोवीस. भांडायचंच असलं तर जेवणाच्या सुट्टीत भांडा की."

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन मशीनपाशी बसली.

"सात नंबरला काय आहे?"

"लंगडी."

"काय?"

"लंगडी. धा मिलिमीटरचं एंडमिल. दोनदा धार लावून आणलंय, आता नऊ पॉइंट ब्याऐंशीच ऱ्हायलंय. एका बाजूनं जरा कमी कापती, म्हणून लंगडी."

"आणि आठला?"

"कानफाटी. पर ती आज आठात हाय, उद्या अकरात असंल."

प्रत्येक होल्डरवर रंगाची खूण होती. कुठे तांबडा ठिपका, कुठे निळा, कुठे दोन आडवे पट्टे. मंगळवेढ्याकडे त्याच्या गावी मेंढरांच्या पाठीवर अशाच खुणा असायच्या, आणि टूलांची नावंही त्याच कळपातून आली होती.

"नुसत्या नावांनी कसं चालेल?" उत्कर्षाने कपाळाला हात लावला. "नंबर नको का?"

"आमच्या घरात मेंढरं मोजत न्हाईत, मॅडम. मोजली की घटतात, म्हणती आई. तोंडं वळखायची. एक कमी आसलं की डोळ्याला कळतंय."

"सॉफ्टवेअरला तोंडं ओळखता येत नाहीत हो, बिरप्पा."

"मग शिकवा की त्याला."

ती चिडून काहीतरी बोलणार होती. पण नोंदीच्या तळाशी शेऱ्याचा एक रिकामा चौकोन होता, कुणी कधी न भरलेला. तिने त्यात टाइप केलं: 'लंगडी. तांबडा ठिपका. हिला हळू चालवणे.' बिरप्पाने वाकून ते सावकाश वाचलं आणि पहिल्यांदा हसला. हसताना त्याच्या उजव्या गालाला खळी पडते, ही नोंद करायला लायब्ररीत जागा नव्हती. ती तिने स्वतःजवळच ठेवली.

मग तह झाला. ज्या टूलला जो खण दिला, तो बदलायचा नाही, हे बिरप्पाने मान्य केलं. त्याबदल्यात प्रत्येक टूलचं नाव शेऱ्यात आलंच पाहिजे, हे तिने मान्य केलं.

प्रेमाच्या गोष्टीत पाऊस लागतो म्हणतात. हे होतं एप्रिलमधलं सोलापूर. पत्रा तापलेला, पंखा गरम वारा ओतणारा, आणि आभाळात ढगाचं नाव नाही. त्यामुळे सरी होत्या त्या काचेच्या आतल्या, कूलंटच्या. त्या काचेपाशी दोघं उभे राहायचे आणि आवाज ऐकायचे. आता नीट कापतंय... आता दुखतंय तिला... ऐकलं का, बिरप्पा विचारायचा. सुरुवातीला उत्कर्षाला सगळा एकच खडखडाट वाटायचा. महिन्याभरात तिलाही फरक कळायला लागला, आणि कळला की ती आधी त्याच्याकडे बघायची.

मापं घ्यायचा व्हर्निअर धरायलाही त्यानेच शिकवलं. कॉलेजात तिने तो दहादा धरला होता, हे तिने सांगितलं नाही.

"दाबू नका. नुसतं टेकवा."

"असं?"

"त्याच्यापेक्षा हळू. आपण धरलंय, हे त्याला कळाया नको..."

बोटं बोटांना लागली. आकडा चुकला. पुन्हा घ्यावा लागला, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही त्याचं काही वाईट वाटलं नाही. दुपारी त्याच्या डब्यातली कडक भाकरी तिच्या आमटीत मोडली जायला लागली, तेव्हा दुसऱ्या पाळीचा महेश्वर नुसता खाकरून पुढे गेला.

अशी तेवीस टूलं दीड महिन्यात झाली. उरलं एक.

"चोवीसला काय?" तिने विचारलं.

बिरप्पा होल्डर पुसत होता. तो जरा जास्तच मन लावून पुसायला लागला. "ती... धार लावायला गेलीय."

"कधी येईल?"

"यील की. चार दिवसांत."

चार दिवस झाले, आठ झाले. धारवाल्याचं मशीन बिघडलं, मग त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. दहाव्या दिवशी बिरप्पा गोदामात गेलेला असताना उत्कर्षा स्वतःच मशीनपाशी गेली आणि तिने चाक फिरवून चोवीस नंबरचा खण समोर आणला.

खण रिकामा होता. नुसता आज रिकामा नव्हे. आतलं ग्रीस मशीनच्या कंपनीने भरलेलं, पिवळंधमक, बोटही न लागलेलं. तिथे कधी काही बसलंच नव्हतं.

तिला आधी राग आला. हा माणूस आपली विद्या हातची सोडत नाही, काम अडवून धरतोय, असं वाटलं. मग आठवलं, बाकीची तेवीस तर त्याने हातचं काही न राखता दिली होती, अगदी लंगडीच्या खोडीसकट. खोटं होतं ते फक्त शेवटच्याचं. चोवीस पूर्ण झाली, की आपलं इथलं काम संपणार होतं. एवढा हिशेब लागला आणि तिचे कान गरम झाले. बोटाला लागलेलं ग्रीस तिने चिंधीला पुसलं आणि मुकाट्याने जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी तिने साळसूदपणे विचारलं, "चोवीस आली का?"

"न्हाई ओ. आता धारवाला तिरुपतीला गेलाय."

"बरं बरं. येऊ दे सावकाश."

इथवर सगळी गंमत होती. पण पुण्याहून पत्र आलं. चाकणजवळच्या एका मोठ्या कारखान्यात नोकरी, एक तारखेला हजर व्हायचं. इकडे अण्णाही म्हणाले होते, "कायमच्या राहा की इथंच." तिने दोन्हीकडे एकच उत्तर दिलं: लायब्ररी पूर्ण झाली की सांगते. खरं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. बिरप्पाने एक शब्द बोलावा, एवढंच तिला हवं होतं. तो बोलला तर सोलापूर. नाही बोलला, तर रोज त्या काचेपाशी नुसतं उभं राहण्यापेक्षा चाकण बरं. आणि हा माणूस धारवाल्याच्या अख्ख्या खानदानाबद्दल बोलत होता, पण त्या एका शब्दाला येत नव्हता.

घरी बाबा रोज जेवताना विचारायचे, "आली का गं तुझी चोवीस?"

"नाही बाबा."

शुक्रवारी त्यांनी ताटातला हात थांबवला. "ज्या माणसाचं एक टूल महिनाभर धार लावून येत नाही, त्याला एकदा घरी घेऊन ये. बघू दे मला."

"बाबा... ते मंगळवेढ्याकडचे आहेत. घरी मेंढरं आहेत त्यांच्या."

"मग? तिकडून एसटी येत नाही का?" म्हणत बाबांनी ताक ओतून घेतलं.

शनिवारी सकाळी बिरप्पा तिच्या टेबलापाशी आला. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्याने ते जपून खाली ठेवलं आणि फडकं सोडलं. कोरं टूल, कोरा होल्डर, आणि होल्डरवर ताजा पिवळा ठिपका.

"घ्या मॅडम. चोवीस."

इतके दिवस उत्कर्षाने रोज हिची चौकशी केली होती, आणि आता ती समोर आली तर बघवेना.

"धार लावून आली?"

तो एकदम आकडेच सांगायला लागला, शाळेत धडा म्हणून दाखवावा तसे. "व्यास आठ. धार पंचवीस. होल्डरच्या भाईर तीस."

तिने भरलं. व्यास आठ. धार पंचवीस. बाहेर तीस. बोटं शेऱ्यापाशी थांबली.

"नाव?"

"हिला नाव न्हाई."

"आणि पिवळा ठिपका का? बाकी कुणाला नाही तो."

"घरात जे मेंढरू कदीच इकायचं न्हाई, त्याला आई पिवळा लावती." त्याने मान खाली घातली. "मॅडम, मी खोटं बोललो. चोवीस कदी नव्हतीच. ही काल अण्णांकडनं नवी मागून घेतली. अण्णा म्हणले, पुण्याची नोकरी लई चांगली हाय, आन लायब्ररीपायी तुमचं उत्तर ऱ्हायलंय. माज्यामुळं अडलं तुमचं. आता न्हाई अडणार."

"खोटं का बोललात?"

"चोवीस झाली की तुमचं हितलं काम संपतंय."

"एवढंच?"

बिरप्पाने मशीनकडे बघितलं. मशीन बंद होतं, तिकडून काही मदत येण्यासारखी नव्हती.

"एवढंच न्हाई," तो म्हणाला. "तुमी मला आवडता. लई आवडता. सात वर्षं नुसतं मशीनसंगं बोलतोय, माणसाला कसं सांगायचं त्ये म्हाईत न्हाई. तुमी पुण्याला जा म्हणून सांगाया आलतो... आन तेच तोंडातनं निघंना."

उत्कर्षाचे डोळे भरून आले, आणि त्यातच तिला हसू फुटलं.

"मला माहीत होतं, खण रिकामा आहे ते. महिन्यापूर्वीच बघितलं मी."

"आं? मग रोज कशाला इचारत होता?"

"तुम्ही रोज उत्तर देत होता म्हणून."

तो आधी ओशाळला आणि मग हसला. खळी पडली. फडक्याची घडी करत त्याने हळूच विचारलं, "मग... पुणं?"

"थांबा. आधी हिचं नाव लिहू द्या." तिने स्क्रीन आपल्याकडे वळवून काहीतरी टाइप केलं आणि उठली. "मी अण्णांकडे चाललेय. आणि उद्या संध्याकाळी शुक्रवार पेठेत या. बाबांना बघायचंय तुम्हाला. तिथं मात्र मला मॅडम म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"शेरा वाचा."

केबिनमध्ये अण्णा फोनवर होते. तिला बघून त्यांनी फोन ठेवला. "काय मॅडम, झाली लायब्ररी?"

"झाली अण्णा. चोवीसच्या चोवीस."

"मग आता पुणं की सोलापूर?"

तिने केबिनच्या काचेतून बाहेर बघितलं. बिरप्पा लॅपटॉपवर वाकला होता आणि सवयीप्रमाणे एकेक शब्दावर ओठ हलवत सावकाश वाचत होता. चोवीस नंबर. पिवळा ठिपका. नाव: उत्कर्षा. ही जागेवरून हलणार नाही.

तो शेवटच्या शब्दापर्यंत पोचला तशी तिने अण्णांकडे मान वळवली.

"सोलापूर," ती म्हणाली.