बाबांचे उघडे डोळे

काउंटर सांभाळणारे काका त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेले नसते, तर तो मला दिसलाही नसता. एरवी मी फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसून लोकांचे मुरूम पुसत असते.

त्यानं पाकिटातून अकरा फोटो काढून माझ्यासमोर मांडले. अकराही फोटोंत एकच गृहस्थ, आणि अकराही वेळा डोळे मिटलेले!

"माझे बाबा," तो म्हणाला. "फ्लॅश पडायच्या आतच डोळे मिटायचे. आम्ही खूप हसायचो... आता तीन महिने झाले त्यांना जाऊन. आई म्हणते, फोटोशी बोलावं म्हटलं तर हे आपले झोपलेलेच. डोळे उघडता येतील का?"

"येतील. पण कुणाचे तरी उसने घ्यावे लागतील. तुमचे कसे आहेत?"

"हुबेहूब त्यांच्यासारखे, असं सगळे म्हणतात."

"मग बसा त्या स्टुलावर."

तो बसला आणि कॅमेऱ्याकडे असा बघू लागला, जणू मी त्याला इंजेक्शनच देणार होते.

"अहो, जरा मायेनं बघा! आईंना दिसायचेत हे डोळे. कॅमेरा सोडा, माझ्याकडे बघा."

"तुमच्याकडे? ...मग सोपं आहे."

"बोलू नका. गाल हलतात."

"मला वाटलं, फोटो डोळ्यांचाच आहे."

मी लाजले... चक्क लाजले, आणि कॅमेऱ्यामागे तोंड लपवलं.

पुढचे दोन दिवस ते डोळे स्क्रीनवर ताटाएवढे मोठे करून मी बसले. पापण्या जरा सैल केल्या, कडेला सुरकुत्या ओढल्या. त्याचं वय तीस वर्षांनी वाढवताना मनात आलं, हा म्हातारा झाला तरी छानच दिसेल. मग मीच मला दटावलं.

फोटो घेऊन तो गेला, तो गेलाच. आठवडा उलटला. आईंना ते डोळे परके वाटले असतील का? की तो आता कधी येणारच नाही? मला जेवण गोड लागेना.

नवव्या दिवशी तो आला.

"आईनं एका नजरेत ओळखलं," तो म्हणाला. "म्हणाली, हे डोळे तुझे आहेत."

माझा चेहरा पडला. "चुकलंच माझं. मी पुन्हा —"

"ऐका तर! म्हणाली, ह्यांनी उभ्या जन्मात माझ्याकडे असं टक लावून पाहिलं नाही, लाजायचे. पण राहू दे, उशिरा का होईना, पाहिलं तरी. आता रोज बोलते त्यांच्याशी." त्याचे कान लाल झाले होते. "आणि म्हणाली, जिच्याकडे बघताना तुझे डोळे असे होतात... तिला घरी घेऊन ये."

"मग? सांगितलंत का, कोण ते?"

"आधी तिला विचारायला नको? तिला आवडलं असेल का... मी असं बघितलेलं?"

मी त्याला मागच्या खोलीत नेलं आणि त्या दिवसाचं फोल्डर उघडून दाखवलं. कामाला एक फोटो पुरला असता. मी बत्तीस काढले होते, आणि त्यातला एकही पुसला नव्हता.