काट्यांपेक्षा चीक वाईट

"न मरणारं एखादं झाड आहे का हो तुमच्याकडे?"

दारातल्या माणसानं हे इतक्या गंभीरपणे विचारलं, की तिच्या हातातली झारी कलंडली आणि निम्मं पाणी त्याच्या बुटांवर सांडलं.

"बुटांना नका घालू," तो म्हणाला, "ते वाढत नाहीत."

ती मामाच्या रोपवाटिकेत काम करायची. पाल, शिडी, विजेचा कडकडाट, अनोळखी माणूस... कशानंही दचकायची, म्हणून मामानं तिचं नाव भागुबाई ठेवलं होतं. आणि हा होता कोपऱ्यावरचा घड्याळजी. त्याच्या दुकानाच्या खिडकीत एकापाठोपाठ तीन झाडं वाळली होती.

तिनं त्याच्यापुढे युफोर्बियाची कुंडी ठेवली. जाड खोड, त्यावर दाट काटे आणि शेंड्याला नखाएवढी लाल फुलं.

"भरपूर ऊन लागतं. पाणी मात्र माती पूर्ण कोरडी झाली की मगच. फार लाड केले तर मरतं."

"माझ्या ताईचं माझ्याबद्दल हेच मत आहे." तो वाकून काटे बघू लागला. "गुलाब दिला की माणसाला अर्थ कळतो. हे कुणी दिलं, तर काय समजायचं?"

"ज्याला वाईट दिवस आलेत, त्याला देतात," ती चाचरत म्हणाली. "म्हणजे... एवढे काटे असूनही हे वर्षभर फुलतं ना? तसं तुम्हीही निभावून न्याल, असं सांगायला."

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि ती उगाचच दुसऱ्या कुंडीतली माती उकरायला लागली.

मग तो दर शनिवारी यायला लागला. पानं पिवळी पडली, फुलं लहान आली, कुंडी वाकडी दिसते... कारणं संपत नव्हती. शुक्रवारपासूनच तिला तो आला तर काय बोलायचं याची भीती वाटायची, आणि नाही आला तर त्याहून मोठी.

एका शनिवारी तो म्हणाला, "फांद्या फार वाढल्यात. एक कापून लावली तर जगेल?"

"जगेल की. फक्त कापलेलं टोक आठवडाभर सावलीत सुकवायचं, मग रेताड मातीत लावायचं. आणि कापताना—"

"ती कुंडी तुमच्यासाठी," तो मध्येच म्हणाला. "घ्याल ना?"

तिचे कान तापले. ती "हो" म्हणाली की नुसतीच हसली, तिचं तिला कळलं नाही. वाक्य मात्र अर्धंच राहिलं.

सोमवारी दुकानाचं शटर बंद होतं. मंगळवारीही. शेजारचा शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "झाड कापत होता. डोळ्यात काहीतरी उडालं म्हणे. दवाखान्यात नेलाय, काहीच दिसत नाही त्याला."

चीक! त्या झाडाच्या पांढऱ्या चिकाबद्दल ती प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायची. काट्यांपेक्षा चीक वाईट, हातमोजे घाला, हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नका. सगळ्यांना सांगितलं होतं. त्यालाच तेवढं नाही.

"गेली नाहीस, तर तुझी चूक कुणाला कळायचीही नाही," मामा हळूच म्हणाला. तिचा पांढराफटक चेहरा त्याला बघवत नव्हता.

ती गेली. दवाखान्याच्या जिन्यात दोनदा थांबली, एकदा मागे वळली... आणि पुन्हा चढली.

खोलीत तो उशीला टेकून बसला होता. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. उशाशी त्याची मोठी बहीण.

"कोण हो तुम्ही?"

"मी... रोपवाटिकेतली. झाड माझ्याकडूनच नेलं होतं. चिकाचं मी सांगायला हवं होतं. राहून गेलं. चूक माझी आहे."

ताई उठून उभी राहिली. "राहून गेलं? याच डोळ्यांवर पोट आहे त्याचं! उजव्याला भिंग लावून काम करतो, आणि डॉक्टर म्हणतात उजव्याचंच सांगता येत नाही. निघा तुम्ही इथून."

"ताई, मीच बोलू दिलं नाही तिला," तो म्हणाला. "बसू दे."

ताई पाय आपटत बाहेर गेली. मग तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही लाजलात तर आता मला कळणारही नाही. सांगत जा."

तिला हसू आलं नाही. त्याची बोटं चादरीशी सारखी चाळा करत होती, हे तिला दिसत होतं.

"भीती वाटतेय?" तिनं विचारलं.

"फार," तो म्हणाला. आवाज बसलेला. "ताईसमोर बोलता येत नाही."

"माझ्यासमोर बोला. घाबरण्यात माझा हात कुणी धरणार नाही." तिनं त्याची बोटं आपल्या हातात घेतली. "दोघं मिळून घाबरू."

पुढचे चार दिवस ती रोज जात राहिली. ताई तिच्याशी अक्षरही बोलायची नाही, पण तिसऱ्या दिवशी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली ताईनंच तिच्या हातात दिली.

शनिवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली. डावा डोळा लालभडक, पण स्वच्छ बघत होता. उजवा त्यानं उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"धूसर आहे," तो म्हणाला. "पण... खिडकी दिसतेय. तिचे गज मोजता येतायत."

"उजळेल हळूहळू," डॉक्टर म्हणाले. "वाचलात. आजच घरी जा."

ताई पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. ती मात्र भिंतीला टेकून उभीच राहिली. भीती गेली, तशी दुसरी आली. आता इथे यायला कारण उरलं नव्हतं.

खाली फाटकाशी ताई रिक्षा थांबवत होती, तेव्हा त्यानंच विषय काढला. "उद्यापासून सुटलात तुम्ही. चूक फिटली."

या वेळी तो थट्टा करत नव्हता. गप्प राहणं सोपं होतं, ते तिला जन्मभर जमत आलं होतं.

"चुकीसाठी मी पहिल्या दिवशी आले होते," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला. "बाकीचे चार दिवस... मला तुम्ही आवडता म्हणून."

तो तिच्याकडे बघतच राहिला, एका लाल आणि एका धूसर डोळ्यानं.

"मला वाटायचं, मी एकटाच..."

"अगं, बसतेस ना?" रिक्षातून ताईची हाक आली. आजवर तिनं हिला एकेरीत कधीच हाक मारली नव्हती. "की त्याला हाताला धरून चालतच आणणार आहेस?"

ताई आत सरकली होती. बाजूला दोघांपुरती जागा होती.