शेंडा चौथ्या मजल्यावर

माझ्या टोमॅटोचा शेंडा एका परक्या पुरुषाच्या हातात, आणि त्याच्या दुसऱ्या हातात कात्री... योगेश निंभोरकरला मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. मी खाली बोळात स्कूटर लावत होते, तो चौथ्या मजल्याच्या गॅलरीत वाकून उभा होता. अर्ध्या शनिवार पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात मी ओरडले, "अहो! हात काढा आधी!"

तो दचकला. "मला म्हणताय का?"

"नाही, कबुतरांना म्हणतेय!"

धापा टाकत चौथा मजला गाठला, तर तो दार उघडून उभाच. गळ्यात हेडफोन, पायात एकच चप्पल.

"हे झाड माझ्या ग्रिलमधून आत आलं होतं," तो म्हणाला.

"आलं होतं ना? मग पाहुणा झाला. पाहुण्याला कुणी कात्री दाखवतं का?"

"आमच्याकडे नाही दाखवत," तो शांतपणे म्हणाला. "म्हटलं, पुण्यात दाखवत असतील."

मी चाटच पडले. अमरावतीकडचा माणूस, राहायला येऊन आठवडा झालेला नाही, आणि पुणेकरणीलाच पुणेरी टोमणा! राग यायला हवा होता. हसू आलं, म्हणून जास्त राग आला.

आता त्या झाडाबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल एका टोमॅटोपायी बाई एवढी का पेटली. नेहमीचं टोमॅटोचं झाड कमरेएवढं होतं आणि थांबतं. मी लावलेलं उंच वाढणारं हायब्रीड होतं. ते थांबत नाही. दोरी देत राहा, ते चढत राहतं. सप्टेंबरात आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादलीत रोप लावलं, आणि वरचा फ्लॅट कित्येक दिवस रिकामा असल्यामुळे सुतळी सरळ वरच्या ग्रिलच्या दांडीला बांधून टाकली. डिसेंबर उजाडेपर्यंत महाशय चौथ्या मजल्यावर पोहोचले, आणि नेमका तेव्हाच तिथे भाडेकरू आला.

आई पहिल्यापासून म्हणत होती, "मंडई चालत दहा मिनिटांवर आहे, उत्कर्षा. टोमॅटो मिळतात तिथे." आम्ही दोघीच राहतो, त्यामुळे तिचे टोमणे वाटून घ्यायला दुसरं कुणी नाही. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता आहे, ड्यूटी खडकवासल्याला. नळाला पाणी कमी आलं की सगळी बिल्डिंग माझ्याकडे असं बघते, जणू धरणाची चावी मी पर्समध्ये घालून फिरते! दिवसभर लोकांची बोलणी ऐकून घरी आल्यावर हातात काहीतरी मुकं हवं असतं. म्हणून टोमॅटो.

तर त्या दिवशी दारातच तह झाला.

"मूळ माझं, म्हणजे फळ माझं," मी म्हणाले.

"ऊन माझं. तुमच्या गॅलरीत सकाळी अकरापर्यंत सूर्य दिसत नाही, मी बघितलंय."

"एवढ्याशा दिवसांत आमच्या गॅलरीत बघूनसुद्धा झालं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... ऊन बघत होतो."

वरची फळं निम्मी निम्मी, असं ठरलं. बदल्यात त्याने झाडाकडे बघायचं. तो घरूनच काम करायचा, त्यामुळे दिवसा तो वर आणि मी धरणावर. त्याला मी एकेक गोष्ट शिकवली. बंद गॅलरीत वारा कमी, म्हणून फुलांच्या देठांना सकाळी टिचकी मारायची, तरच फळ धरतं. पाणी रोज सारखंच द्यायचं. आज कोरडं, उद्या पूर असं केलं की फळाचं बूड काळं पडतं. ते खातं माझ्याकडे होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बगलफुटी. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून कोवळी फूट निघते. ती दिसली की खुडायची. नाहीतर झाडाचं जंगल होतं, पाला उदंड आणि फळं बोराएवढी.

"इतकी कोवळी आहे... खुडवत नाही," तो म्हणाला होता.

"कोवळी आहे तेव्हाच खुडायची. जाड झाल्यावर काढली की जखम होते."

हे मी फक्त टोमॅटोबद्दल बोलत नव्हते, पण ते त्याला कुठून कळणार? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कॉलेजात एकजण होता, नंतर ऑफिसात एकजण. दोघेही फार गोड. दोघांचाही गोडवा 'घरी सांगू या' म्हटल्यावर संपला. ओव्हाळ आडनाव, घरात बाबासाहेबांचा फोटो, आम्ही बौद्ध. ऑफिसातल्याने तर मला मिठी मारून सांगितलं, "मला काही फरक पडत नाही गं, पण आई..." त्यानंतर मी ठरवलं होतं, कोवळी असतानाच खुडायची.

पण हा माणूस रोज सकाळी वरून हाक मारायचा. "उत्कर्षाताई—"

"ताई म्हणालात तर सुतळी कापीन."

"उत्कर्षा... मॅडम. आज सात फुलं उमललीत. सातही जणींना टिचकी मारली."

"मीटिंग चालू नाहीये का तुमची?"

"चालू आहे. म्यूटवर आहे मी."

आणि मग एक दिवस वरून दोरीला बांधलेली कापडी पिशवी खाली आली. आत दोन टोमॅटो, देठाकडे अजून हिरवट, उन्हाने कोमट झालेले. ऑफिसला उशीर होत होता, तरी मी तिथेच उभी राहून एक तसाच खाल्ला. रस हनुवटीवरून ओघळला. वर पाहिलं तर तो बघत होता. मग दोघांनीही उगाचच आभाळाकडे पाहिलं.

हळूहळू त्या पिशवीतून काय काय ये-जा करू लागलं! वरून टोमॅटो, खालून आईची बोंबलाची चटणी. वरून रिकामा डबा, सोबत चिठ्ठी, 'काहून एवढी तिखट?' खालून उत्तर, 'पुण्यात गोडच मिळतं असं कोण म्हणालं?' संध्याकाळी मी वर जायची, शेंडा सुतळीला गुंडाळायला. टोमॅटोच्या पाल्याने बोटांना हिरवट पिवळा रंग चढतो, साबणाने लवकर जात नाही. ऑफिसात फाईल उलटताना मला माझ्याच बोटांचा वास यायचा आणि हे काम काल कुणाबरोबर केलं ते आठवायचं. मला तो आवडत होता. चांगलाच आवडत होता. आणि मी रोज तोंडाने मात्र पानांवरच्या पांढऱ्या माशीबद्दल बोलत होते.

जानेवारीत एका संध्याकाळी तो शेंड्याशी उगाच चाळा करत म्हणाला, "आई येतेय अमरावतीहून. कोथरूडला एक स्थळ आहे. पुढच्या रविवारी मुलगी बघायला जायचं म्हणते."

माझ्या हातातली सुतळी सुटली. "बरं मग?"

"बरं मग काय... जाऊ का?"

त्याने विचारलं होतं. अगदी सरळ, माझ्याकडे बघून. मी 'नको' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं! पण मला ऑफिसातली ती मिठी आठवली, आणि मी म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा. मला काय विचारता?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुम्हाला काय विचारायचं."

दुसऱ्या दिवशी मी कालव्याच्या पाहणीला गेले होते. परत आले तर तो जिन्यात उभा, चेहरा पडलेला, तळहातावर टोमॅटोचा कोवळा शेंडा.

"चूक झाली. वरती दोन फांद्या फुटल्यासारख्या दिसत होत्या. मला वाटलं ही बगलफूट, म्हणून खुडली. नंतर लक्षात आलं... हाच शेंडा होता."

मी वर जाऊन पाहिलं. खरंच, मुख्य शेंडा त्याने काढला होता आणि त्याच्या शेजारची बगलफूट ठेवली होती. ही चूक नवखा माणूस हमखास करतो, कारण अगदी वर दोन्ही सारख्याच दिसतात. आणि त्यामुळे काही बिघडत नाही. राहिलेली फूटच पुढे शेंडा होते आणि झाड चढत राहतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

तरीही मी म्हणाले, "संपलं. शेंडा गेला म्हणजे वाढ संपली. सोडून द्या आता."

"काहीच करता येणार नाही?"

"काही नाही. उद्यापासून बघायची गरज नाही तुम्हाला."

त्याने तो शेंडा खिशात ठेवला. कुणी टोमॅटोचा शेंडा खिशात ठेवतं का? खाली आल्यावर मी आईवर विनाकारण खेकसले आणि जेवले नाही. आई म्हणाली, "ताकाला जाऊन भांडं लपवणारी पोरगी माझ्याच पोटी यायची होती." मी ताक मागितलं नव्हतं, पण बोलणं वर्मी लागलं.

सगळा आठवडा पिशवी आली नाही. शुक्रवारी त्याची आई आल्याचं जिन्यातल्या आवाजावरून कळलं. "बाप्पा, किती ह्या पायऱ्या!"

रविवार आला. मी गॅलरीत बसून खालची पिवळी पानं तोडत होते. पिवळी संपली, तशी हिरवीही तोडू लागले. थोड्या वेळात तो शर्टाला इस्त्री करून कोथरूडला जाणार, पोहे खाणार, आणि ती मुलगी चांगलीच असणार. मी तोंड उघडलं असतं तर कदाचित गेला नसता. हे सगळं मला स्वच्छ कळत होतं, आणि मी पानं तोडत होते.

"उत्कर्षा." वरून आवाज आला. "जरा वर बघा."

तो ग्रिलला टेकून उभा होता. अंगात घरातलाच टीशर्ट.

"झाड संपलं म्हणालात. हे वीतभर वाढलंय. नवीन कळ्या आल्यात."

मी हातातलं पान चुरगाळलं.

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण आलं ते खरंच. "हो."

"मग का सांगितलं तसं?"

"झाड संपलं की तुम्ही खाली डोकावणं बंद कराल, म्हणून! मला सोपं जाईल, म्हणून!"

"काय सोपं जाईल?"

समोरच्या इमारतीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली होती. थांबू दे, म्हटलं.

"तुम्ही कोथरूडला जाताना बघणं. मला नाही बघवणार ते, कळलं? मी बौद्ध, तुम्ही निंभोरकर. तुमची आई नाही म्हणेल, मग तुम्ही मान खाली घालून मला समजावायला याल. हे सगळं मी करून बसलेय दोनदा. पुन्हा नाही जमणार. पण आवडता तुम्ही मला. जाऊ नका, असं त्या दिवशीच म्हणायचं होतं. घ्या, म्हटलं आता."

तो काही बोलायच्या आत त्याच्या खांद्याशेजारी एक डोकं आलं. डोक्यावर पदर, नाकात चमकी.

"मी मालनबाई," ते डोकं म्हणालं. "ह्याची माय. बहिरी नाई मी, सगळं आयकून राह्यली."

माझ्या हातातली पानं खाली बोळात पडली.

"ह्यानं मले परवाच सांगतलं तुयाबद्दल. नाव, गाव, जात, सगळं. मी दोन दिस ह्याच्याशी बोलली नाई." त्यांनी पदर सारखा केला. "मले अजून पटलं नाई, पोरी. खोटं काहून सांगू?"

"नका सांगू," मी म्हणाले. त्यांच्यावर राग येत नव्हता. समोरासमोर 'पटलं नाही' म्हणणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

"पन ह्याचा जीव इथं, अन् मी तिकडं लोकाच्या पोरीले सजवून समोर बसवू? थो तिचा अपमान झाला. तसं पाप मी नाई करत. सकाळीच फोन करून कोथरूडले नाई म्हनून टाकलं." मग त्यांनी मला खालीवर नीट न्याहाळलं. "अन् तू काहून तिथून वरडून राह्यली? वर ये. मले खाली नाई येता येत, गुडघे दुखते."

मी वळले, तर आई मागे उभी. डोळ्यांत पाणी आणि तोंडात टोमणा तयार. "केस विंचर आधी. भांडायला नाही चाललीस आज."

मी केस न विंचरताच गेले. दार उघडंच होतं. योगेश उंबऱ्याच्या आत, मी बाहेर.

"मी मान खाली घालून समजावायला येणार नाही," तो हळूच म्हणाला. "वेळ लागेल. आईला पटायला, कदाचित तुझ्या आईलाही. पण मी इथेच आहे. आणि मलाही तू... म्हणजे पहिल्या दिवसापासून, ओरडलीस तेव्हापासूनच."

"तेव्हा तुझ्या हातात कात्री होती."

"घाबरलो होतो गं."

मी हसले, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. त्याने हात पुढे केला. बोटं हिरवट पिवळी होती. झाड संपलं असं ऐकूनसुद्धा हा बाबा आठवडाभर फुलांना टिचक्या मारत बसला होता.

आतून मालनबाईंचा आवाज आला. "दारात काहून उभे हाय दोघं? पोरीले आत घे. चहा टाकला मी."

मी चप्पल काढली आणि आत गेले.